सात भरलेला, बारा कोरा : रवींद्रनाथांच्या आजोबांची जमीनदारी

शेतकरी मंडळी, जुना सातबारा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी काढला असेल. वाटणीसाठी, सोसायटीच्या कर्जासाठी, नाहीतर कोर्टाच्या तारखेसाठी. सातबाऱ्यामागं फेरफार, फेरफारामागं कडईपत्रक, त्याच्याही मागं गेलं की मोडीतला कागद. आजा, पणजा, खापरपणजा असं मागं मागं जाताना एखादं मोठं नाव लागतं आणि घरातल्या माणसांची छाती फुगते. आपला पणजा इतक्या एकरांचा धनी होता, खोत होता, मालगुजार होता, दारात घोडा बांधलेला होता, असं आपण पोराबाळांना सांगतो. पण त्याने ती जमीन मिळवली कशी, ती कसत कोण होतं आणि ती टिकली कुणाच्या जिवावर, हे विचारायला फारसं कुणी जात नाही.

आज अशाच एका पूर्वजाचा माग काढू. पूर्वज आपला नाही, बंगालमधल्या एका घराण्याचा आहे. पण त्याचा नातू तुमच्या चांगला ओळखीचा. ‘जन गण मन’ लिहिणारे रवींद्रनाथ टागोर यांचे आजोबा, द्वारकानाथ टागोर. जन्म १७९४, मृत्यू १८४६. लोक त्यांना प्रिन्स म्हणत. राज्य नव्हते, गादी नव्हती, पण थाट तसा होता. त्या थाटाच्या तळाशी जमीन होती, म्हणून ही गोष्ट या पानावर.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. सातबारा म्हणजे दोन नमुने. सात हा हक्काचा. त्यावर मालक, कूळ, बोजा. बारा हा पिकाचा. शेतात काय पेरलं, किती क्षेत्रात पेरलं, ते त्यावर. जुन्या बारावर जमीन करणाऱ्याच्या नावाचाही रकाना असे. कुठल्याही पूर्वजाचा हिशेब मांडायचा तर सात आणि बारा दोन्ही वाचावे लागतात. बंगालच्या कागदांना सातबारा म्हणत नसत, पण आपण आपलीच फूटपट्टी लावू.

मोजणीदाराचा वंश

टागोर हे मूळ आडनाव नव्हे. घराणे कुशारी ब्राह्मणांचे, पूर्व बंगालातल्या जेसोर भागातले. मुसलमानांशी संबंध आल्याचा ठपका ठेवून इतर ब्राह्मणांनी त्यांना पंक्तीबाहेर टाकले होते. अशांना तिकडे पिराली म्हणत. गावात मान नाही, सोयरीक जमत नाही, तेव्हा त्यांच्यातला पंचानन नावाचा पुरुष नशीब काढायला गंगेकाठच्या गोविंदपूरला आला. पुढे कलकत्ता झाले त्यातलेच हे एक गाव. तिथले कोळी आणि इतर कष्टकरी लोक ब्राह्मण म्हणून त्याला ठाकूर म्हणू लागले. साहेबांच्या तोंडी ठाकूरचे टागोर झाले.

पंचाननचा मुलगा जयराम कंपनी सरकारच्या महसुली कामात अमीन होता. अमीन म्हणजे जमिनीच्या मोजणीचा अंमलदार. बघा, या घराण्याचा जमिनीशी पहिला संबंध आला तो नांगराने नव्हे, मोजणीने. जयरामचा मुलगा नीलमणी १७८४ मध्ये भावापासून वेगळा झाला आणि कलकत्त्याच्या जोडासांको भागात राहायला गेला. द्वारकानाथ हे त्याचे नातू. जन्म दिला राममणीने, पण थोरले चुलते रामलोचन यांना मूल नव्हते म्हणून त्यांनी द्वारकानाथांना दत्तक घेतले. १८०७ मध्ये रामलोचन वारले. तेरा वर्षांच्या पोराच्या नावावर कुष्टिया भागातला विराहिमपूर परगणा आणि ओरिसात कटककडची काही मिळकत आली.

सूर्य मावळायच्या आत

ही मिळकत कोणत्या कायद्याने चालत होती ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. १७९३ साली गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने बंगालात कायमधारा लागू केला. सरकारने रयतेशी बोलणे सोडून जमीनदाराशी करार केला आणि सारा कायमचा ठरवून टाकला. त्या वेळी जो खंड वसूल होई, त्याचे अकरा भाग धरले तर दहा भाग सरकारला आणि एक भाग जमीनदाराला, असा सुरुवातीचा हिशेब होता. पण सरकारचा आकडा कायमचा, रयतेचा आकडा मात्र वाढवता येणारा. पडीक जमीन लागवडीखाली आली, नवी कुळे वसली, खंड वाढला, की वाढीव सगळे जमीनदाराच्या घरात.

यात एक मेख होती. ठरलेल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत सारा भरला नाही, तर जमीनदारी लिलावात. दुष्काळ असो, पूर असो, सबब नाही. जुनी जुनी राजघराणी या कायद्याने बुडाली. नाटोरच्या जुन्या जमीनदारीचे तुकडे झाले ते असेच. आणि ते तुकडे घ्यायला कलकत्त्यात रोकड बाळगून नवे लोक बसले होते.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात गोष्ट वेगळी होती. इथे १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीप्रमाणे साऱ्याचे दर तीस वर्षांसाठी ठरू लागले आणि सरकारने थेट रयतेचे नाव लिहिले. ती पद्धतही फार सुखाची नव्हती, सावकाराने तिथे डोके वर काढलेच. पण निदान कसणाऱ्याचे नाव सरकारी कागदावर आले. बंगालात ते आलेच नाही. तिथे सरकारला माणूस ठाऊक होता तो एकच, जमीनदार.

कायदा शिकलेला मालक

द्वारकानाथ वेगळे ठरले ते इथे. इतर जमीनदार कलकत्त्याच्या वाड्यात गाणी ऐकत बसत आणि कारभार नायब-गुमास्त्यांवर सोडत. द्वारकानाथ इंग्रजी शिकले. रॉबर्ट कटलर फर्ग्युसन नावाच्या बॅरिस्टरजवळ बसून त्यांनी जमिनीचा कायदा समजून घेतला. कोणत्या कलमाने मिळकत जाते आणि कोणत्या कलमाने वाचते, हे त्यांना तोंडपाठ झाले. मग दुसरे जमीनदार सल्ल्याला त्यांच्याकडे येऊ लागले. सल्ल्याचे पैसे मिळत आणि कुणाची मिळकत कुठे अडचणीत आहे त्याची बातमीही मिळे.

पुढे ते सरकारी नोकरीत गेले. आधी चोवीस परगण्यात कलेक्टर आणि मिठाच्या एजंटाकडे शिरस्तेदार, मग कस्टम, मीठ आणि अफू बोर्डाचे दिवाण. आपल्या माणसाला त्या काळी मिळू शकणारी ही फार वरची जागा. पैसा हातात खेळू लागला तशी जमीन वाढत गेली. राजशाही भागातले कालीग्राम आले, पाबना जिल्ह्यातले शहाजादपूर आले. नाटोरवाल्यांच्या हातून गेलेल्या मुलखातले हे तुकडे.

कारभार कडक होता. खंड थकला की कोर्ट, आणि कोर्टात द्वारकानाथांना हरवणे सोपे नव्हते. काही ठिकाणी त्यांनी गोरे व्यवस्थापक नेमले, ते एवढ्यासाठीच की आजूबाजूच्या निळीच्या साहेबांशी आणि कलेक्टर कचेरीशी बरोबरीने बोलता यावे. जमीन हा त्यांच्यासाठी नीट चालवायचा धंदा होता. मायबाप जमीनदाराची भाषा त्यांची नव्हती.

शिलाईदहला त्यांची निळीची कोठीही होती. नीळ म्हणजे काय प्रकार होता, हे तुम्हाला चंपारणमुळे माहीत आहे. उचल द्यायची, करार लिहून घ्यायचा आणि भाताच्या जमिनीत नीळ लावायला लावायची. १८२९ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये सभा झाली तेव्हा द्वारकानाथांनी निळीवाल्यांची बाजू घेतली. निळीमुळे पडीक जमीन लागवडीला आली आणि रयतेच्या हातात पैसा आला, असे त्यांचे मत होते. त्यांचे जिवलग मित्र राजा राममोहन रॉय यांचेही तेच मत. तीस वर्षांनी, १८५९-६० मध्ये, बंगालच्या रयतेने निळीविरुद्ध उठाव केला आणि त्या मताला परस्पर उत्तर दिले. ते ऐकायला दोघेही हयात नव्हते.

कोळसा, बँक आणि राणीची भेट

१८३४ मध्ये द्वारकानाथांनी सरकारी नोकरी सोडली आणि विल्यम कार नावाच्या इंग्रजाबरोबर कार, टागोर आणि कंपनी काढली. गोरा आणि काळा बरोबरीचे भागीदार, ही त्या काळात नवलाची गोष्ट. १८२९ मध्ये निघालेल्या युनियन बँकेमागेही तेच होते. १८३६ मध्ये राणीगंजची कोळशाची खाण घेतली. वाफेच्या बोटी, रेशीम, साखर, नीळ, चीनकडे अफू नेणारी जहाजे, सगळीकडे त्यांचा हात. एवढ्या उड्या घ्यायला भांडवल कुठून आले, तर नोकरीतून, व्यापारातून आणि जमिनीतून. बँकेत पत होती ती जमिनीमुळे. १८३८ मध्ये जमीनदारांनी आपली संघटना उभी केली, तिच्या पुढाऱ्यांत द्वारकानाथ होते. रयतेची संघटना व्हायला अजून पस्तीस वर्षे होती.

आता त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. सतीची चाल बंद व्हावी म्हणून झगडणाऱ्या राममोहन रॉय यांच्या पाठीशी ते उभे राहिले. हिंदू कॉलेज, मेडिकल कॉलेज यांना हात दिला. १८४५ मध्ये चार वैद्यकीय विद्यार्थी शिकायला इंग्लंडला गेले ते त्यांच्याबरोबर, त्यातल्या दोघांचा खर्च त्यांनी स्वतः केला. आंधळ्या-पांगळ्यांसाठी एका धर्मादाय संस्थेला एक लाख रुपये कबूल केले. त्या काळचे लाख रुपये, बरं का.

घरात मात्र त्यांना जागा उरली नव्हती. साहेबांच्या पंक्तीला मांस-मद्य चालू झाले तेव्हा पत्नी दिगंबरीदेवी यांनी पंडितांना विचारून निर्णय घेतला. नवऱ्याची सेवा सोडली नाही, पण संसार वेगळा केला. बोलावे लागले तर बोलून झाल्यावर गंगाजलाने स्नान. द्वारकानाथ बाहेरच्या बैठकीच्या इमारतीत राहू लागले. १८३९ मध्ये दिगंबरीदेवी गेल्या.

१८४२ च्या जानेवारीत ते स्वतःच्या ‘इंडिया’ नावाच्या आगबोटीने विलायतेला गेले. राणी व्हिक्टोरियाने त्यांना भेटीला बोलावले. १८४५ मध्ये पुन्हा गेले, ते परत आले नाहीत. १ ऑगस्ट १८४६ ला लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत त्यांना पुरले.

१८४० चा कागद

माग काढणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद १८४० चा आहे. खाण नव्हे, बँक नव्हे, आगबोट नव्हे. विलायतेला जाण्याच्या दोन वर्षे आधी त्यांनी एक विश्वस्तपत्र केले. विराहिमपूर, कालीग्राम, शहाजादपूर आणि कटककडची मिळकत मुलांच्या हितासाठी विश्वस्तांच्या ताब्यात दिली. धंदा बुडाला तर देणेकऱ्यांचा हात या जमिनीपर्यंत पोहोचू नये, हा त्यामागचा हेतू. धंद्यात एवढा धाडसी माणूस, पण मुलांसाठी शेवटी विश्वास ठेवला तो जमिनीवर. हे तुम्हा-आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

आणि झालंही तसंच. द्वारकानाथ गेल्यावर दीड वर्षात, १८४८ च्या सुरुवातीला, युनियन बँक बुडाली आणि त्याच सुमारास कार, टागोर कंपनीही. थोरला मुलगा देवेंद्रनाथ याने पुढे लिहून ठेवलेल्या हिशेबाप्रमाणे देणे एक कोटीचे आणि येणे सत्तर लाखांचे. तीस लाखांचा खड्डा. देवेंद्रनाथ देवभोळा, सत्याला धरून चालणारा माणूस. पुढे लोक त्याला महर्षी म्हणू लागले. विश्वस्त मिळकतीला हात लावायचा अधिकार देणेकऱ्यांना नव्हता, तरी तीसुद्धा देण्यात धरा, असे त्याने सांगून टाकले. देणेकरी पाघळले आणि कारभार त्याच्याच हाती ठेवून हप्त्याने देणे घ्यायला कबूल झाले. घरातला थाट गेला, नोकरचाकर कमी झाले. पण वर्षानुवर्षे फेडत फेडत देवेंद्रनाथाने कर्ज फेडले. वडिलांनी कबूल केलेले ते लाख रुपयेसुद्धा व्याजासह दिले.

वडिलांचे ऋण फेडणाऱ्या मुलाची ही गोष्ट बंगालात आदराने सांगतात, आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण मंडळी, इथं थांबून बारा नंबर वाचा. धंदा बुडाला होता, खाण गेली होती. उरले होते ते मुख्यतः जमिनीचे उत्पन्न. मग विलायती मेजवान्यांचे, आगबोटींचे, बुडालेल्या बँकेचे देणे फिटले ते कुणाच्या घामाने? पद्मेच्या काठी गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या कुळांच्या. त्यांची नावे त्या पुण्याईच्या हिशेबात कुठेच नाहीत.

रयतेचा हिशेब

ती नावे दुसरीकडे थोडी सापडतात. विराहिमपूरची कचेरी होती त्या कुमारखाली गावात हरिनाथ मजुमदार नावाचा गरीब माणूस राही. कांगाल हरिनाथ म्हणूनच तो ओळखला जाई. त्याने १८६३ मध्ये ‘ग्रामवार्ता प्रकाशिका’ नावाचे पत्र काढले आणि जमीनदार, निळीवाले, महाजन यांच्या जुलमाच्या बातम्या छापल्या. महर्षींच्या जमीनदारीलाही त्याने सोडले नाही.

मग १८७३ साल आले. शहाजादपूर ज्या युसूफशाही परगण्यात, तिथल्या रयतेने एकी केली. बेकायदा पट्ट्या, वाढता खंड, मोजणीच्या काठीची लांबी कमी करून जमीन जास्त दाखवणे, या तक्रारी होत्या. आणखी एक मोठे दुखणे होते. १८५९ च्या कायद्याप्रमाणे सलग बारा वर्षे जमीन कसली की कुळाला कब्जाचा हक्क मिळे, तो मिळू नये म्हणून जमीनदारांची धडपड चाले. त्या परगण्यातल्या पाच मोठ्या जमीनदार घराण्यांत एक घराणे कलकत्त्याचे टागोर. रयतेने वर्गणी काढली, वकील दिले, खंड अडवला. या चळवळीनंतरच्या वादातून १८८५ चा बंगालचा कूळकायदा झाला. आपल्याकडे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले आणि १८७९ चा शेतकरी कायदा आला, त्याच्या थोडेच आधीची ही हकिकत. तिकडे जमीनदाराचा कागद, इकडे सावकाराचा कागद. दोन्हीकडे राग कागदावर.

गंमत बघा. द्वारकानाथांचा एक नातू, सत्येंद्रनाथ, हा पहिला हिंदी आय.सी.एस. त्याची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. सोलापूर, सातारा या आपल्या मुलखात तो न्यायाधीश होता आणि १८९७ मध्ये निवृत्त झाला. तुकोबांच्या अभंगांचे त्याने बंगालीत भाषांतर केले. कायमधाऱ्याच्या घरात जन्मलेला मुलगा रयतवारीच्या मुलखात न्याय देत होता.

दुसरा नातू रवींद्रनाथ. १८९० च्या सुमारास वडिलांनी त्याला जमीनदारी बघायला धाडले. आजोबांनी नावावर केलेला मुलूख त्याने बोटीत राहून पाहिला. शिलाईदह, शहाजादपूर, पातीसर. आजोबांबद्दल त्याने फारसे लिहिले नाही, पण रयतेबद्दल पुष्कळ लिहिले. आणि नुसते लिहून थांबला नाही. १९०५ मध्ये पातीसरला शेतकऱ्यांसाठी बँक काढली, महाजनाच्या तावडीतून सोडवायला. १९०६ मध्ये मुलगा रथींद्रनाथ याला अमेरिकेत इलिनॉयला शेती शिकायला धाडले. त्या काळी श्रीमंताची पोरे बॅरिस्टर व्हायला जात, हा शेती शिकायला गेला. नोबेल पारितोषिकाच्या पैशातली मोठी रक्कम त्याच पातीसरच्या बँकेत ठेवली. पुढे कर्जमाफीचे कायदे आले आणि त्यातली बरीचशी बुडाली. एका परीने आजोबांनी वसूल केले त्यातले थोडे नातवाने परत केले, असे म्हणायला हरकत नाही. पण खंड त्यानेही घेतला. घर त्यावरच चालत होते. जमीनदारीची लाज वाटते, हे तो मोकळेपणाने कबूल करी.

१९५० च्या कायद्याने पूर्व बंगालातली जमीनदारी संपली. शिलाईदह, शहाजादपूर, पातीसरच्या कोठ्या आणि कचेऱ्या आज बांगलादेशात आहेत, रवींद्रनाथांची स्मारके म्हणून. द्वारकानाथांची कबर लंडनमध्ये. जमीन जिथे होती तिथेच आहे, कुळांच्या नातवंडा-पणतवंडांच्या हातात.

आता आपल्या दप्तराकडे

आपल्याकडेही खोती १९४९ च्या कायद्याने गेली, विदर्भातली मालगुजारी १९५० च्या कायद्याने. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कूळकायद्याने कसणाऱ्याचे नाव मालक म्हणून लावायची वाट मोकळी केली. ज्यांची नावे जुन्या बाराला होती, त्यातली कितीतरी त्यानंतर साताला चढली. कितीतरी चढली नाहीत, त्याआधीच खोडली गेली.

म्हणून सांगतो, पूर्वजाचा माग जरूर काढा. आता सातबारा मोबाइलवरही दिसतो, जुने फेरफार मागता येतात, मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. पण वंशावळ लिहाल तेव्हा साताबरोबर बारासुद्धा लिहा. पणजोबांच्या शेतात राबणारी कुळे कोण होती, सालगडी कोण होते, त्यांच्या घरचे आज कुठे आहेत, ते विचारा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं. आणि तुमचा पणजा मालक नसून बारातला असेल, तर खालमानेने सांगू नका. द्वारकानाथांसारख्या कर्तबगार माणसाचे कर्ज ज्यांनी फेडले, त्यांच्या जातीतला तो. जातीतला म्हणजे कष्टाच्या.

द्वारकानाथ लबाड नव्हते आणि संतही नव्हते. हुशार होते, उदार होते, कठोर होते. आपल्या बहुतेकांच्या मोठ्या पूर्वजांचं असंच असतं. त्यांचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही. पण फोटोखाली जमिनीचा आकडा लिहाल, तेव्हा ती कोण कसत होतं, तेही लिहा.